इंजिन गेलं, लेका

वॉटर्लू, आयोवा
शनिवार सकाळ

सुन्या,

फोनच करणार होतो. पण तिकडं संध्याकाळची वेळ, गिऱ्हाइकं तुझ्या डोक्यावर उभी असणार, आणि हे घाईत सांगून भागणार नाही. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून ज्या शिव्या ठेवल्या असशील त्या शेवटी दे. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच.

काल रात्री मातीच्या ट्रॅकवरच्या कार रेसमध्ये आमचा ड्रायव्हर डेल जिंकला. हीटमध्ये, म्हणजे आधीच्या फेरीत, तिसरा आणि फीचरमध्ये, म्हणजे मुख्य रेसमध्ये, पहिला. आणि फोटो काढून होतोय तोवर आपलं, मी बांधलेलं इंजिन गेलं. फुटून गेलं असतं तर एवढं लागलं नसतं. विकलं गेलं. नियमानं, चारचौघांत.

क्लेमचा नियम मागं सांगितला होता तेव्हा तू म्हणालास, असला नियम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपवाल्यांत आणला तर आठवड्यात डोकी फुटतील. तोच हा. मागं राहिलेला ड्रायव्हर रेस संपल्या संपल्या थेट गाडी घेऊन येतो आणि म्हणतो, मला याचं इंजिन पाहिजे. किंमत नियमात ठरलेली, आपल्या खर्चापुढं काहीच नाही. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर तुमचा तुम्ही काढून घ्यायचा, बाकी त्याचं. नाही म्हणालात तर बक्षीस गेलं, गुण गेले, वर दंड. डेलनं मान हलवली आणि माझ्याकडं बघितलंच नाही.

३५० क्यूबिक इंचाची साधी शेव्ही, व्ही-८. पण तिच्या पिस्टन रिंगांची फट सिलिंडरनिहाय मी मोजलेली. व्हॉल्व्ह हातानं घासून बसवलेले, अख्खा जानेवारी गॅरेजमध्ये, बाहेर बर्फ. पोर्टिंगला, म्हणजे इंजिनातल्या हवेच्या वाटा कानसून मोठ्या करायला, इथं बंदी आहे, त्यामुळं तुझ्यासारखी कानस घेऊन येझदीचं पोर्ट भगदाड करायची सोय नाही. (होय, तूच केलंस. पन्हाळ्याच्या चढाला ती का मेली यावर मी अजून ठाम आहे, आणि ढकलली मी होती.) नियमात बसून जेवढी हातसफाई करता येते तेवढी केली. आता ती त्या पोराच्या गाडीत. वीस-बावीसचा असेल. पैसे मोजताना हात थरथरत होते त्याचे, आणि ‘थँक यू सर’ म्हणाला मला. शिव्या तरी कशा द्यायच्या?

आणि गंमत बघ, भांडायला मुद्दाच नाही. हा नियम नसता तर आज हे काहीच नसतं. ज्यांचा हा नियम ती आयएमसीए ही संस्था १९१५ची, जत्रांमधून शर्यती भरवणारी. जुन्या काळात त्यांच्या बऱ्याच शर्यती म्हणजे नुरा कुस्ती, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. सत्तरच्या दशकाअखेर नाव तेवढं उरलं होतं. ते कीथ नॅक नावाच्या माणसानं घेतलं. व्हिंटनचा, म्हणजे आमच्यापासून तासाभरावरचा. रेसिंगचं वर्तमानपत्र चालवायचा. १९७९मध्ये त्यानं व्हिंटनच्या मातीच्या ट्रॅकवर ‘मॉडिफाइड’ गाड्या उतरवल्या. भंगारातली चेसिस, स्वस्त इंजिन, आणि कुणी फार पैसा ओतू नये म्हणून हा क्लेम. ज्यानं लाखाचं इंजिन बसवलं त्याचं कुणीतरी कवडीमोलानं नेणार, मग बसवतोय कोण? शेतकरी, वेल्डर, ट्रकवाले त्यामुळंच आत आले. मग स्टॉक कार, हॉबी स्टॉक असे वर्ग वाढले. सगळीकडं एकच नियम, म्हणून नेब्रास्काची गाडी पाना न लावता आयोवात पळते, आणि शुक्रवारी घराजवळ मिळवलेले गुण देशाच्या यादीत मोजले जातात. १९८३ला व्हिंटनमध्ये सुपर नॅशनल्स ही त्यांची मोठी शर्यत सुरू केली. आता दर सप्टेंबरला बूनला भरते. गेल्या वर्षी गेलो होतो. शेकडो गाड्या, मैलभर ट्रेलर, आणि मका कापायला आलेला असताना माणसं आठवडाभर तिथं मुक्कामाला.

माती तुला आवडेल. काळी, चिकट. आधी टँकरनं भिजवतात, मग सगळ्या गाड्या हळूहळू तिच्यावरून फिरवून दाबतात. वस्ताद तालमीची माती पोरांकडून खणून घ्यायचे, तसंच. नऊला चाक धरतं, अकराला काच होते. डावं वळण घेताना स्टिअरिंग उजवीकडं. पहिल्यांदा बघून मला वाटलं, डेलला चढलीय.

तर आता खरा घोळ. डेल म्हणतो, पुन्हा बांधायचं नाही, क्रेट घेऊ. जनरल मोटर्सचं ६०२, कारखान्यातून बांधून आलेलं, ३५० हॉर्सपॉवर, बोल्टना सील. खोक्यातून काढायचं, गाडीत टाकायचं. सील तोडलं की बाद. त्याचं गणित चूक नाही. भंगारात जुने मॉन्टे कार्लो आणि मालिबू संपत आलेत, सुट्या भागांच्या किमती चढल्यात, आणि त्याचं वयही झालं. पण मग मी तिथं काय करू, सांग. तेल बदलू? टायरमधली हवा बघू? मला पिटमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या दुरुस्त करतात तिथं, कुणी बोलावलं ते गोरेपणामुळं किंवा बिअरमुळं नाही. आपल्याला हेड उघडता येतं म्हणून. इथल्या ऑफिसात मी वर्षानुवर्षं स्क्रीनवरचे ट्रॅक्टर फिरवतोय. हातांना वास यायचा तो शुक्रवारीच.

बायको म्हणते, बरं झालं, किचनच्या सिंकमध्ये पिस्टन तरी धुणार नाहीस. तिचंही खरं.

रात्रभर एकच विचार. क्लेमनं स्वस्त ठेवलं म्हणून खेळ वाढला, मान्य. पण क्लेममध्ये निदान कुणाचं तरी काम कुणाला तरी हवं असतं. त्या पोरानं आपलंच इंजिन मागितलं, कारण ते शेवटच्या लॅपला दुसऱ्यांपेक्षा जास्त ओढत होतं. सील केलेल्या खोक्यात कुणाचं काय ओळखायचं? डेलला हे बोललो तर म्हणाला, तू फारच मनावर घेतोस. तूही हेच म्हणायचास, फक्त कोल्हापुरीत.

तुझं सीएनसी मशीन आलं का? हप्त्याचं काय ठरलं? छकुलीची बारावी झाली ना, आता इंजिनिअरिंगला घालू नकोस, पाया पडतो. काकांचा मोतीबिंदू उरकून घ्या, पावसाळ्याची वाट बघू नका.

डेलला मंगळवारपर्यंत सांगायचंय, खोकं की ब्लॉक. नवं इंजिन बांधायला एक जुना ब्लॉक बघून ठेवलाय, सिलिंडर बोअर करून मोठे करावे लागतील, किती ते मोजल्यावर. ‘घे की गड्या, झंझट नको’ असा मेसेज टाकून मोकळा होऊ नकोस. दुकान बंद करून, बसून, नीट लिही. पाहिजे तर भांड.

तुझा,
बंड्या