बाबा, तुम्ही काही बिघडवलेलं नाही

म्युनिक, १८ जानेवारी

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. अर्ध्या वड्यांचा प्रवासात भुगा झाला होता, तो मी चमच्यानं खाल्ला. आई, या वेळी पाक जरा पुढे गेला होता का गं? दाताला चिकटत होता. तरी डबा दोन दिवसांत रिकामा झाला.

बाबा, आठ दिवस ग्रुपवर तुमची एकही बातमी आली नाही तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आधी वाटलं, रात्री सराफ्यात जाऊन गराडू खाल्ले असतील नि घसा धरला असेल. काल आईनं फोनवर हळूच सांगितलं, "यांच्या हातून काहीतरी दाबलं गेलंय, बातम्या उघडत नाहीत, आणि तुला सांगू नको म्हणतात." सांगू नको म्हणे! ज्या माणसाला वर्गातली वांड पोरं घाबरायची, तो मोबाईलपुढे अंगठे धरून उभा आहे, हे चित्र मला अजिबात आवडलं नाही. फोनवर तुम्ही "हो हो, समजलं" म्हणून विषय संपवता, म्हणून हे कागदावर. ऑफिसातला एक मुलगा आपल्या राजेंद्र नगरचाच निघाला, तो सोमवारी इंदूरला येतोय. त्याच्या हाती देते. त्याला पोहे खायला घाला. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याच्या आठवणीनं रडकुंडीला आलाय बिचारा.

आईनं स्क्रीनचे चार फोटो पाठवलेत. चार ठिकाणी चार वेगळ्या भानगडी आहेत, आणि तुम्ही मात्र चौघींना एकच गुन्हेगार ठरवलाय, तो म्हणजे तुमचा अंगठा.

राजवाड्याच्या बातमीवर '४०४' आलंय. म्हणजे वेबसाईट जागेवर आहे, त्या पत्त्यावर ते पान नाही. कधी मथळा बदलतात तेव्हा पत्ताही बदलतो, कधी बातमीच काढून टाकतात. मथळ्यातले तीन-चार नेमके शब्द आणि पुढे पेपरचं नाव असं गूगलवर टाका, नव्या पत्त्यावर असेल तर सापडेल. दादानं तुम्हाला गूगलच्या 'कॅश्ड' प्रतीची युक्ती शिकवली होती ना, ती आता विसरा. गूगलनं २०२४ मध्ये ती सोयच काढून टाकली. त्याऐवजी इंटरनेट अर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' आहे. तिथल्या चौकटीत जुनी लिंक चिकटवायची, मग कॅलेंडर येतं, त्यात गोल ठिपका असलेल्या तारखेला बोट लावायचं. त्या दिवशी पान कसं होतं ते दिसतं. गल्लीबोळातल्या बातमीची प्रत दर वेळी मिळेलच असं नाही, पण बघायला काय जातं?

याच बाबतीत तुमची एक सवय मात्र सांगते. ग्रुपवर लिंक टाकल्यावर तुम्ही तिला चिकटूनच 'वाचा' लिहिता. मध्ये जागा सोडत नाही. मोबाईलला वाटतं 'वाचा' हाही पत्त्याचाच भाग, आणि मग आम्हा सगळ्यांना ४०४. कोणी अक्षर चिकटवून लिहिलं की तुम्ही वही परत द्यायचात, आठवतंय? तेवढी एक जागा सोडत जा.

दुसरा फोटो जुन्या टॅबलेटचा. "तुमचे कनेक्शन खाजगी नाही." हे वाचून तुम्ही पडदे ओढले आणि टॅबलेट उशीखाली ठेवला असं आई म्हणाली (हसले, माफ करा). अहो, फोटोत तारीख बघा: १ जानेवारी २०१५. टॅबलेट कपाटात महिनोन्‌महिने पडून होता, बॅटरी पार मेली, त्याचं घड्याळ मागे गेलं. प्रत्येक वेबसाईटकडे एक ओळखपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं असतं. टॅबलेटच्या मते अजून २०१५ चालू आहे, तेव्हा सगळ्यांची ओळखपत्रं त्याला खोटी वाटतात. सेटिंग्जमध्ये 'तारीख आणि वेळ' शोधा, तिथलं 'आपोआप'चं बटण चालू करा. झालं. तारीख बरोबर असूनही हा इशारा आला तर मात्र मागे फिरा, आणि बँकेच्या पानावर आला तर मला फोन.

तिसऱ्यात काही बिघाड नाही. चार ओळींनंतर पांढरा पडदा आलाय कारण त्यांच्या फुकटच्या बातम्या संपल्या, आता वर्गणी मागतायत. मी भरते. घरी पेपर टाकणाऱ्याचे पैसे तुम्ही एक तारखेला पाकिटात काढून ठेवायचात, तेव्हा कुठे बातम्या फुकट होत्या?

चौथ्या फोटोनं मात्र माझं डोकं फिरलं. '४०३' म्हणजे दार उघडं आहे, तुम्हाला आत घेत नाहीत. का घेत नाहीत म्हणून फोटो मोठा करून पाहिला, तर वर बॅटरीशेजारी एक बारकीशी किल्ली. बाबा, ती किल्ली व्हीपीएनची! आईला विचारल्यावर कळलं, मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं "अंकल, इससे सब खुल जाएगा" म्हणत एक फुकटचं ॲप टाकून दिलं. त्यानं तुमचा सगळा व्यवहार कुठल्यातरी परदेशातल्या मशीनमधून फिरतोय. तुम्ही बसलाय ओसरीवर, आणि वेबसाईटला वाटतं कुणी परका तिसऱ्याच देशातून डोकावतोय. शिवाय ते फुकटचं ॲप काय काय बघतं कोण जाणे. आधी ते काढा. यापुढे "बातमी वाचायला हे ॲप घ्या", "अलाउ दाबा" असं कोणतंही पान म्हणालं तर सरळ बंद करायचं. बातमी वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि काहीही अडलं की आधी आईच्या मोबाईलवर तीच बातमी उघडून बघा, वायफाय बंद करून. तिथेही उघडली नाही तर दोष त्यांचा, तुम्ही चहा घ्या. रंगपंचमीला गेर, आपली रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा अख्खं इंदूर एकदम फोटो बघायला धावतं आणि वेबसाईट '५०३' म्हणून आडवी होते. गर्दी ओसरली की उठते आपली.

आता माझा गुन्हा. दादाच्या ओहायोतल्या गावच्या ज्या बातम्या तुम्ही रोज पाठवता ना, बर्फ किती पडला, शाळा बंद आहे का, त्यांना मी ग्रुपवर नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकते. वाचत नाही. मला उघडतच नाहीत! त्या वेबसाईटवर इथून '४५१' येतं: कायदेशीर कारणामुळे अनुपलब्ध. (अकरा गुणिले एक्केचाळीस, तुम्ही मनात केलंच असेल.) हा आकडा पुस्तकं जाळणाऱ्या जगावरच्या एका इंग्रजी कादंबरीच्या नावातून घेतलाय, आणि २०१६ मध्ये तो इंटरनेटच्या नियमांत बसला.

झालं असं की २५ मे २०१८ पासून युरोपात वाचकांच्या खाजगी माहितीचा कडक कायदा लागू झाला. मोडला तर दंड दोन कोटी युरोपर्यंत, किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. अमेरिकेतल्या कितीतरी स्थानिक पेपरांनी हिशेब केला: युरोपात आपले वाचक ते किती, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? लावा दार. लॉस एंजेलिस टाइम्सनंही तेव्हा युरोपला दार लावलं होतं, मग खेड्यातल्या पेपरचं काय घेऊन बसलात. वाचकाचा इंटरनेटवरचा पत्ता कुठल्या देशातला आहे एवढंच ते बघतात. म्हणजे दादाचं गाव इंदूरहून दिसतं, म्युनिकहून दिसत नाही. दोन वर्षं मी हे तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लिंक पाठवणं बंद केलं असतं.

तर आता लिंक नको, स्क्रीनशॉट पाठवा. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम दाबायची. लांबलचक बातमी असेल तर फोनवर वाचून दाखवा, मी इकडे पोळ्या लाटत ऐकेन. पहिली चिनूच्या शाळेची पाठवा. तो फोटोत दुसऱ्या रांगेत आहे म्हणे. मोठा करून बघा आणि सांगा, पुढचा दात पडलाय का.

तुमची,
मनू