उघाडीवरचा माणूस

पोयनाड

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, कॅल्शियम शिरतं पेशीच्या कडेला, आणि जनुकं पार आत केंद्रकात. तिथवर निरोप जातो कसा? मी नुसतं पाठ करतेय." तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहितो.

आपली खारेपाटातली उघाडी आठव, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातलं ते फळीचं दार. मी आठवीत असताना उधाणाच्या भरतीला तिची फळी निसटली. त्याच रात्री पलीकडे बांधाला खांडही, म्हणजे भगदाडही, गेली होती, आणि पाणी खरं तर तिकडूनच जास्त आलं. पण तिथं होतं कोण? ती खांड सकाळी दिसली. उघाडीवर मात्र तुझे पणजोबा झोपायचे. पाय भिजले तसे ते कंदील घेऊन ओरडत सुटले, आणि तासाभरात माणसं घमेली-फावडी घेऊन हजर.

न्यूरॉनचंही, म्हणजे मेंदूतल्या पेशीचंही, तसंच बघ. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट, त्यामुळे दार उघडलं की ते घुसतंच. दारं अनेक प्रकारची, पण जनुकांकडे वजन एल-टाइप चॅनेलचं. दुसऱ्या वाटेनं तेवढंच कॅल्शियम आलं तरी. कारण कॅल्मोड्युलिन हे प्रथिन त्या दाराला आतून चिकटूनच बसलेलं असतं. कॅल्शियमचे चार आयन धरले की ते जागं होतं. मग गॅमा कॅमके-2 हे दुसरं प्रथिन त्याला पाठुंगळी घेऊन केंद्रकात पोचवतं. तिथं जनुकं चालू करणाऱ्या क्रेब या प्रथिनाच्या 133व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागतो आणि सी-फॉससारखी जनुकं काही मिनिटांत चालू होतात. न्यूरॉनच्या वाढीला लागणारं बीडीएनएफचं जनुक मागाहून.

उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. उघाडीतून खारं पाणी आलं की भात गेलं. न्यूरॉनला मात्र हे कॅल्शियम हवंच असतं, नाहीतर आजचं उद्या लक्षात कसं राहणार? पण मर्यादेत. जास्त झालं तर पेशीच मरते.

आईची बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपीन, याच एल-टाइप दारांना अडसर घालते, पण मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत. हे सांगितलं तर म्हणाली, "तरीच मला चष्मा सापडत नाही." मी म्हटलं, गोळी मेंदूत फारशी जात नाही, चष्मा तुझ्या डोक्यावर आहे.

सोडे पाठवलेत. डबा खोलीत उघडू नकोस, मैत्रिणी पळतील.

तुझे
बाबा