जुनी गाडी घरी ठोकूनठाकून नीट करणारे सगळेच रिकामटेकडे नसतात

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की घराच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या ठोकत बसणाऱ्यांना आवरा आणि त्या गाड्या सरळ भंगारात घाला. मी त्यातलाच एक, म्हणून लिहितोय. वडिलांची 1995 ची टाटामोबाईल पिकअप आहे, एमपी 09 म्हणजे इंदूरचा नंबर, प्रायव्हेट पासिंग. टाटाने हे मॉडेल 1988 मध्ये काढलं आणि पुढे 1991 ची सिएरा याच गाडीवरून बनली, आता 2025 मध्ये सिएरा परत आली तर सगळे उड्या मारतायत, पण तिच्या आईला मात्र भंगारात घाला म्हणे!

आधी एका वर्कशॉपला गाडी दिली होती, नाव नाही घेत. त्यांनी गंजावरच लांबी (पुट्टी) थापून वर चकचकीत रंग मारला, दुसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली फुगे आले, स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आरपार आणि खाली फरशी दिसली. मग ठरवलं, आपणच करू. ग्राइंडरने सडलेला पत्रा पार चांगल्या लोखंडापर्यंत कापला, लोहामंडीतून 18 गेज जाडीचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचा नमुना कापून तसा वाकवला. वेल्डिंग एका दमात ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो, म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं. बॅटरीची वायर आधी काढली होती, डिझेलची टाकीही उतरवली होती, पण सीट काढायचा कंटाळा केला आणि ठिणगी फोममध्ये गेली. ओलं पोतं जवळ होतं म्हणून निभावलं, बायको आजही ऐकवते.

मागच्या कमानीचे (लीफ स्प्रिंगचे) पाटे सुटे करून दोन तडकलेले बदलले, बुश नवे. शेजारच्या काकांचं म्हणणं, 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या इंदूरात हे काय भंगार मांडलंय, तर त्यांचंही चूक नाही, आता काळं ऑइल कॅनमध्ये भरून ठेवतो आणि दुपारी ग्राइंडर बंद.

आता कायद्याचं. पुतण्याला गाडी उंच करायचीय, छतावर लाइटची पट्टी हवीय. मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवलं, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कागदावर) नोंदवलेल्या गोष्टींशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. कलम 182 अ मध्ये मालकाला एकेका बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ते वाचून पोरगा गप्प बसला, निदान त्या दिवशी तरी. रंगसुद्धा वेगळा दिला तर आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो, म्हणून मी मूळचाच रंग देतोय. माझी सगळी कलाकारी केबिनच्या आत आणि मागच्या हौद्यातल्या लाकडी फळ्यांत.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. पेंटर प्रायमर मारायच्या नादात चेसिस नंबरवरच, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या गाडीच्या ओळख नंबरवरच फवारतो, नाहीतर गंज काढताना ग्राइंडर फिरवून आकडेच घासून टाकतो. मग आरटीओत पेन्सिलने ट्रेस घ्यायला गेलात की कागदावर काहीच उमटत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, तेव्हा हे नडतं. मी तिथे ग्रीस लावून वरून टेप मारली. असलं काही आपल्या पेपरात छापलंत तर उपकार होतील, कारण गाडीवाली पोरं हे मोबाइलवर शोधतात आणि तिथे नुसते हॉर्न आणि सायलेन्सर दिसतात.

त्या वाचकाला निरोप द्या, रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन या म्हणावं, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवून ठेवलीय, खाली झोपून टाके मोजा. जुने कपडे घालून या.

आपला,
एक जुना वाचक
लोकमान्य नगर, इंदूर