शाल-श्रीफळ नको, आधी वाट द्या : 14 एप्रिलसाठी मंडळीला आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

गेल्या नोव्हेंबरातला तो रविवार आठवतो ना? उपासना चालू असताना मागच्या चाळीत सिलिंडरने पेट घेतला. वर्दी गेली, बंब झटपट नाक्यावर आला आणि तिथेच अडकला. गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या, आणि त्या आपल्याच होत्या. जवानांनी नाक्यापासून होजला होज जोडत पाणी आत नेलं. आग विझली, माणसं सुखरूप निघाली. संध्याकाळी आपण उपकारस्तुती केली, पण वाट आपणच अडवली होती हे प्रार्थनेत कुणाच्या तोंडून निघालं नाही.

त्यातला एक जवान नंतर आपल्या कंपाउंडच्या नळावर आला. गमबूट काढून उलटा केला तर भसकन काळं पाणी सांडलं. तोंड धुतल्यावर कपाळ उजळलं, कानामागची काजळी तशीच राहिली. महिला मंडळाच्या एका मावशींनी लगबगीने चहा पुढे केला. तो म्हणाला, ''चहा नंतर, आधी मीठ-साखरेचं पाणी मिळेल का?'' आपल्याला ते सुचलंच नव्हतं.

14 एप्रिल हा अग्निशामक जवानांचा स्मृतिदिन. 1944 साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर आग लागली. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, तेव्हा जवान पाणी मारतच होते. त्या दिवशी दलाची 66 माणसं गेली. मित्रांसाठी प्राण देण्याचं वचन (योहान 15:13) आपण दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ऐकतो. ते जिथे खरं झालं, ती गोदी आपल्या भायखळ्याहून किती लांब आहे?

येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण नेहमी शोमरोन्यावरच थांबतो. मला मात्र उतारशाळेचा रखवालदार आठवतो. वाटेत सापडलेल्या जखमी माणसाला शोमरोन्याने उतारशाळेत आणलं, पण दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊन तो पुढे गेला, जखमीची उस्तवार या रखवालदाराकडे राहिली. त्याचं नावही नाही. आपल्याकडे 108 च्या रुग्णवाहिकेवरचा चालक, ज्याला त्यांच्यात पायलट म्हणतात, आणि आत बसलेला डॉक्टर हे त्याच जातकुळीचे. त्यांनी पोचवलेला माणूस पुढे वाचला की नाही, हे बरेचदा त्यांना कळतही नाही.

म्हणून मंडळीच्या पंचांनी यंदा ठरवलं आहे की सत्कार नाही, उपयोगी वस्तू द्यायच्या. एका संचात ओआरएसची दहा पाकिटं, जाडसर सुती टॉवेल, सुती मोज्यांचे दोन जोड आणि पाण्याची स्टीलची बाटली. मोजे सुतीच हवेत, नायलॉनचे नकोत. आगीजवळ नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. असे 66 संच करायचे आहेत, आकडा मुद्दाम धरला आहे. आपल्या भागातल्या अग्निशमन केंद्राला देऊन उरतील ते 108 च्या कर्मचाऱ्यांना जातील. केंद्रातल्या अधिकाऱ्यांशी आधी बोलणं झालं आहे. ते महापालिकेचे नोकर आहेत, तेव्हा कृपा करून कुणाच्या हातात परस्पर पाकीट ठेवू नका. पैसे द्यायचे असतील तर उपासनेनंतर खजिनदारांकडे द्या आणि पावती घ्या. पूर्ण संच जमत नसेल तर नुसते मोजे आणले तरी चालतील. वापरलेल्या वस्तू मात्र नकोत. मागे पूरग्रस्तांसाठी काय काय आलं होतं, ते निवडताना तरुण संघाचे दोन दिवस गेले होते.

दुसरी मागणी पैशाची नाही आणि तीच जास्त जड जाईल. दर रविवारी गल्लीत उभं राहायला चार माणसं हवीत. एका बाजूला एकही गाडी लागू द्यायची नाही, मग ती पंचांची असो की पाळकसाहेबांची. आतापर्यंत दोनच नावं आली आहेत.

वस्तू 9 एप्रिलपर्यंत चर्चच्या ऑफिसात पोचवा. 14 तारखेला बाबासाहेबांची जयंती, आपल्यातलेही बरेच जण मिरवणुकीत असतात आणि बंदोबस्तही मोठा असतो. म्हणून आपण सकाळी आठलाच केंद्रावर जाऊ. एक गीत, एक छोटी प्रार्थना, मग नाश्ता. भाषण कुणाचंही नाही. मध्येच वर्दी आली तर जवान बशी तशीच टाकून जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पोहे झाकणाच्या डब्यात आणि चहा थर्मासमध्येच आणा, म्हणजे परतल्यावर त्यांना गरम मिळेल.