रविवारी करडईच्या शेतात मधमाशा मोजायच्यात

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ ला मांजरेच्या पुलापाशी जमायचंय, करडई फुलावर आलीय आणि ऊन चढलं की माशांची गर्दी होते म्हणून उशीर नको.

प्रत्येकाने एक छोटा तुकडा धरून १५ मिनिटं फुलांवर येणाऱ्या माशा मोजायच्या. फुलोरी, सातेरी, आग्या या मधमाशांच्या जाती वेगवेगळ्या लिहा, काळा मोठा भुंगा पण आपलाच, मधमाशीचाच नातलग, त्याला सोडू नका! ओळख पटली नाही तर फोटो काढून आयनॅचरलिस्टवर (सजीव ओळखायला मदत करणारं अ‍ॅप) टाका, अंदाजाने नाव लिहू नका प्लीज.

- सेंट, अत्तर लावून येऊ नये
- आग्याच्या पोळ्याजवळ कुणीही जायचं नाही, धूर तर अजिबात नाही
- टोपी, पाणी, वही-पेन

ज्यांना डंखाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आधी सांगा, नोंदी लिहायचं काम देऊ. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.