पिंपात मुरलेल्या बिअरला ‘नासकी’ म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या नव्या मद्यालयांवरचा लेख वाचला. त्यात आंबट एलचा, म्हणजे आंबट चवीच्या बिअरचा, विषय एका वाक्यात उरकला आहे : ‘बिअर मुद्दाम नासवून चढ्या भावाने विकण्याची नवी टूम.’ हे वाक्य वाचल्यापासून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र. मी सांगलीत एकतीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. मद्य घेत नाही, कोणी घ्यावे असेही माझे म्हणणे नाही. पण ज्या गोष्टीला लेखात ‘नासवणे’ म्हटले आहे ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, तिचे चार घोटही घेतले आहेत. तिला तो शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते.

माझा मुलगा ब्रसेल्सला असतो. मागच्या डिसेंबरात मी त्याच्याकडे होते, तेव्हा तो मला अँडरलेख्त भागातल्या कॅन्टिलॉन या बिअरच्या कारखान्यात घेऊन गेला. मिडी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, घरांच्या रांगेतच तो आहे. बाहेरून एखादे जुने गोदाम वाटावे. १९०० साली एका कुटुंबाने सुरू केलेला हा कारखाना आजही चालतो, आणि १९७८ पासून लोकांना तो आतून पाहता येतो. ‘आई, तुझ्या विषयातलं आहे, चल,’ एवढेच मुलगा म्हणाला होता.

माझ्या विषयातले म्हणजे किती, ते माळ्यावर गेल्यावर कळले. छपराच्या लगेच खाली तांब्याची भलीमोठी, उथळ परात आहे. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटला की तो वाफ्यात ओतून थंड करतात, त्याची मला आठवण झाली. इथे माल्ट केलेले, म्हणजे मोड आणून वाळवलेले, जव आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा अर्क काही तास उकळून संध्याकाळी या परातीत सोडतात. भिंतींतल्या झडपा उघड्या ठेवतात आणि रात्रभर त्याला हात लावत नाहीत. विरजण नाही, यीस्ट नाही, काहीच घालायचे नाही. थंड हवेबरोबर जे येईल, त्या जुन्या लाकडांवर जे वस्तीला असेल, तेच त्यात उतरते. सकाळी तो अर्क ओकच्या पिंपांत भरतात. म्हणून हे काम फक्त हिवाळ्यात चालते. रात्री पुरेशा गार नसतील तर नको ते जंतू आधी शिरकाव करतात. थंडी उशिरा पडू लागल्यामुळे त्यांचा हंगामही आखडत चालला आहे.

मी जन्मभर मुलांना काय शिकवले? बर्नरच्या ज्योतीजवळ काम करा, नळीचे तोंड उघडे ठेवू नका, बाहेरचा एक जंतू शिरला की सगळे वाया. १८८३ साली डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी यीस्टचे एकच शुद्ध वाण वाढवून दाखवले आणि जगभरची बिअर स्वच्छ, एकसारखी झाली. हा धडा मी दर वर्षी अभिमानाने घेतला आहे. कार्ल्सबर्गमध्येच १९०४ साली क्लाउसेन या संशोधकांनी जुन्या इंग्लिश बिअरमधला एक वेगळा यीस्ट ओळखला आणि त्याला ब्रेटानोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’ असे नाव दिले. वाइन करणारे लोक या यीस्टला घाबरून असतात. आणि त्या माळ्याखाली शेकडो पिंपांत हाच यीस्ट मानाने नांदत होता.

पिंपांची खोली मी फार वेळ पाहत उभी होते. एका पिंपाच्या तोंडाशी फेस उतू जाऊन ओघळला होता आणि वाळून काकवीच्या रंगाचा झाला होता. सुरुवातीचे काही दिवस आंबण्याचा जोर इतका असतो की बूच बसवतच नाहीत. दोन पिंपांच्या मध्ये कोळ्याचे जाळे होते, त्यात चिलटे अडकलेली. ही जाळी कोणी झाडत नाही. काही पिंपांत फळे घालतात, ती घातली की चिलटे येतात, आणि त्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

आता ‘नासवणे’ या शब्दाविषयी. त्या पिंपात आधी आतड्यांतल्या जंतूंच्या कुळातले जंतू वाढतात. आम्लता आणि अल्कोहोल वाढले की महिन्याभरात ते मरतात. मग नेहमीचा यीस्ट काही महिने साखर खातो. उन्हाळा लागला की पिडिओकॉकस हा जिवाणू जोर धरतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करतो. आपल्या दह्यातले आम्ल तेच. याच टप्प्यावर पुष्कळदा बिअरला तार सुटते. आपल्याकडे उन्हाळ्यात भाताला तार सुटली की आपण तो टाकून देतो. तिथले लोक म्हणतात, बिअर आजारी आहे, आणि थांबतात. ब्रेटानोमायसिस हळूहळू ती तार मोडतो, वास निवळतात, पेय पुन्हा पातळ आणि स्वच्छ होते. एकाने बिघडवले ते दुसऱ्याने सावरायचे, आणि माणसाने मध्ये न पडता वाट पाहायची, एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे! नासलेल्या वस्तूची कोणी तीन वर्षे राखण करत नाही.

फेरी संपल्यावर चव द्यायला छोटे पेले मिळतात. पहिल्यात नुसती लॅम्बिक होती, म्हणजे हीच आपोआप आंबलेली बिअर, पिंपातून थेट काढलेली. तिला फेस नाही की बुडबुडे नाहीत. दुसऱ्यात ग्योझ. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक एकत्र करून शॅम्पेनसारख्या जाड बाटलीत भरतात. कोवळ्या लॅम्बिकमध्ये उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबण सुरू होते, आणि त्यातून बुडबुडे येतात. किती जुनी किती घ्यायची हे जिभेवर ठरते. कारखानदाराचे खरे कसब तिथे आहे असे मला वाटले.

मी पेला आधी नाकाशी धरला. ओल्या कडब्याचा वास आला. माझ्या आजोळी, कवलापूरला, पावसाळ्यात गोठ्याच्या दाराशी यायचा तोच. मी दचकले, कारण पिण्याच्या वस्तूला असा वास असेल असे मनात नव्हते. मग घोट घेतला. आधी कैरीची फोड दाताखाली यावी तसा आंबटपणा, कानशिलापर्यंत जाणारा. गोडवा जराही नाही. तो ओसरल्यावर लिंबाच्या सालीचा कडवटपणा आला, आणि अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर, जुन्या लाकडाची चव. ती बराच वेळ टाळूला राहिली. दुसऱ्या घोटाला तो गोठ्याचा वास मला खटकला नाही, उलट त्याच्याशिवाय ते पेय अपुरे वाटले असते. तिसऱ्या पेल्यात क्रीक होती. लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम आंबट चेरी घालून मुरवलेली, रंगाने कोकमाच्या आगळासारखी. ती सुंदर होती, पण माझे मन ग्योझमध्येच राहिले.

एक गोष्ट लेखकाच्या बाजूने सांगायला हवी. आपल्या शहरांत आंबट एल म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे पिंपात मुरलेले नसते. उकळायच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू सोडून दोन-तीन दिवसांत आंबटपणा आणतात, मग साधा यीस्ट आणि फळांचा गर. त्यात गैर काही नाही, पण ते वेगळे पेय आहे. दोन-तीन दिवसांचे आणि तीन वर्षांचे एकाच नावाने, एकाच भावाने विकले जात असेल तर तक्रार जरूर करावी. लेखाने ती केली असती तर मी धन्यवादाचे पत्र लिहिले असते. आणि ‘नवी टूम’ तर हे मुळीच नाही. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली वारशाच्या यादीत घेतले आहे.

आपल्याला हे परके वाटावे याचेही मला नवल वाटते. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस असाच आपोआप आंबतो. त्यात यीस्ट घालत नाहीत, आणि त्याच्याच फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या घरात इडलीचे पीठ कुठल्या विरजणाने फुगते? आणि भाषेत तर आपण बेल्जियमपेक्षा श्रीमंत आहोत. नासणे वेगळे, विटणे वेगळे, आंबणे वेगळे आणि मुरणे वेगळे. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. माझी आई लोणच्याची बरणी उघडायला कोणाला द्यायची नाही. ‘मुरू दे अजून,’ म्हणायची. ब्रसेल्समध्ये पिंपांच्या रांगांमधून जाताना मला तिचा तोच आवाज आठवत होता.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढे हा विषय येईल तेव्हा ‘नासवलेली’ ऐवजी ‘पिंपात मुरलेली’ असे छापावे, आणि भांड्यात झटपट आंबवलेली बिअर तिच्यापासून वेगळी सांगावी. मुलाने ग्योझची एक बाटली माझ्याबरोबर दिली आहे. ती आडवी, अंधारात ठेवायची असते आणि वीस वर्षेही टिकते म्हणतात. सध्या ती माझ्या कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांच्या खालच्या फळीवर आहे. लेखकमहाशय सांगलीला आले तर त्यांच्यासमोर ती उघडायची माझी तयारी आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली