‘आत्ता बोट निघणार नाही’ म्हणणाऱ्यांचे आभार

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो दाखवायला बोट नेणाऱ्या दादांना, आणि किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या खिडकीवर दिवसभर तेच ते प्रश्न झेलणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याहून सुट्टीत सोसायटीची मंडळी घेऊन येणारे आम्ही. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुमच्या नकाराचे. रविवारी दुपारी बारा वाजता सगळ्यांना सवड असते. खाडीला असेलच असं नाही. हे न चिडता, रोज, नव्या माणसाला पहिल्यापासून समजावणं सोपं नाही.

तुम्ही सांगता तो कोळ्यांचा हिशेब आता आमच्याकडेही पाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वादशीला १२ ची पाऊणपट ९, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास. खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ धरायचा. अष्टमीला भरती सहाला, म्हणून दुपारी बाराच्या आसपास ओहोटी आणि बोट चिखलावर बसलेली. त्या वेळी कितीही पैसे देऊ केले तरी उपयोग नाही.

बरं, पूर्ण भरतीलाच निघावं, तर तेही नको. चिखल पाण्याखाली गेला की थवे उठतात आणि नेरूळच्या पाणथळींकडे विसाव्याला जातात. ओहोटीला तेच पक्षी अख्ख्या चिखलावर लांबवर पांगलेले असतात. मधली अर्धी भरतीच खरी कामाची: बोट तरंगण्याइतकं पाणी आणि चरण्याइतका उघडा चिखल. पाणी चढतं तसे पक्षी कडेकडेने गोळा होत जातात. ही वेळ तास-दीड तासापेक्षा जास्त मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच आमच्यातल्या कोणाची तरी रिक्षा ऐरोली स्टेशनवर अडकलेली असते. उशीर झाला की फेरी पुढे ढकलता येत नाही, हे तुम्ही बुकिंगलाच बजावता ते बरं करता.

पाण्यावरची तुमची कामं बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत. थव्याकडे सरळ नाक धरून बोट न्यायची नाही, तिरकी सरकवायची. अंतर राखून इंजिन बंद, मग प्रवाहावर सोडायची. माना वर झाल्या आणि सगळा थवा एका दिशेने चालू लागला की तिथेच थांबायचं. त्यापुढचं पाऊल म्हणजे उड्डाण, आणि चरणं मोडलेल्या पक्ष्याला त्या भरतीत पुन्हा तेवढा चिखल मिळत नाही. सकाळी ऊन नवी मुंबईच्या बाजूने येतं, म्हणून बोट पूर्वेला ठेवून मुलुंड-भांडुपकडच्या काठावरचे पक्षी दाखवता. फोटो चांगले येतात ते त्यामुळे. कौतुक मात्र कॅमेऱ्याचं होतं.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार तुम्ही सतत बघत असता. ती अडली म्हणजे गाळ किंवा पिशवीने थंडाव्याचं पाणी तुंबलं, आणि तसंच दामटलं तर इंजिन तापून बसतं. मग इंजिन बंद करून वर उचलायचं, पंख्याला गुंडाळलेलं प्लास्टिक सुरीने कापून काढायचं आणि ते पाण्यात न टाकता पायाशी डब्यात ठेवायचं. तेवढ्या वेळात बोट प्रवाहाने तिवरांच्या मुळांत जाऊ नये म्हणून दुसरा दादा बांबू रोवून उभा. हे काम तिकिटात कुठेच लिहिलेलं नसतं.

‘हात लावता येतो का?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. परदेशात एका तिकिटात नाश्ता, जेवण, टॉवेल आणि डॉल्फिनसोबत पोहणं देणारी पार्कं आहेत, तिथून आलेली किंवा तिथले व्हिडिओ पाहिलेली मंडळी हे विचारणारच. आपल्याकडे डॉल्फिन कोंडून खेळ करायला केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये मनाई केली. खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली ठाणे खाडीचं नाव जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. कागदावरचं ते पक्ष्यांपासूनचं अंतर पाण्यावर रोज तुम्ही राखता, आणि वर नाराज गिऱ्हाइकाची बोलणीही खाता.

ताई, तिवरांमधल्या लाकडी वाटेवर तुम्ही पान उलटून त्यावरचं मीठ दाखवता, ते पोरांना फ्लेमिंगोइतकंच आवडतं. चिखलात कल्ल्यामागच्या परांवर सरपटणारी निवटी मासळी तर हमखास. मोठा रोहित (म्हणजे फ्लेमिंगोच) पांढरट, चोच फिकट गुलाबी नि टोकाला काळी. छोटा जास्त गुलाबी, चोच गडद लाल. करडी ती पिल्लं. एवढं बोटीत बसण्याआधी सांगितलंत की अर्धा गोंधळ मिटतो.

आमच्याकडून यापुढे: लाइफ जॅकेटचे पट्टे चढण्याआधीच आवळलेले, मुलं मधल्या बाकावर, भडक कपडे नाहीत, दुर्बिणी ८ पटीच्या (१० पटीची बोटीवर हलते), वेफर्सची पाकिटं आणि डबे किनाऱ्यावरच. बोटीत शौचालय नसतं, हेही आम्हीच आधी सांगू.

पुढच्या मोसमात जानेवारी ते मार्चमधल्या द्वादशी ते पौर्णिमेच्या सकाळी आम्हाला हव्या आहेत. वार कुठलाही चालेल, रजा आम्ही टाकू.

आपले,
ठाण्याची सहल मंडळी